देखाव्यासाठी पोलिसी फोटो काढायचाय? आधी पाटी बाजूला ठेवा

गणपतीचा देखावा असो, शाळेतलं १५ ऑगस्टचं प्रदर्शन असो की कॉलेजचं नाटक, क्रांतिकारक आले की एक 'जेलमधला फोटो' लागतोच, आणि तो दरवेळी सारखाच बनतो, मागे उंचीच्या काळ्या रेघा, हातात पाटी, पाटीवर कैदी नंबर आणि पोरगा डोळे वटारून कॅमेऱ्याकडे पाहून राहिला. हे सगळं पिक्चरमधून आलंय. माझं नागपुरात पासपोर्ट फोटोचं दुकान आहे, सीझन आला की मंडळवाले असे फोटो काढून घ्यायला येतात आणि मी दरवेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. घरी करता येतं, मोबाईलवर पण होतं, फक्त मोजमाप नीट पाहिजे.

आधी कोणाची पद्धत आहे ते. अल्फोंस बेर्तियों नावाचा माणूस १८७९ मध्ये पॅरिस पोलिसांत कारकून म्हणून लागला. काम काय, तर कैद्यांचं वर्णन कार्डावर उतरवायचं. पोलिसांकडे फोटो तेव्हाही होते, हजारोंनी होते, पण कोणी कसाही काढलेला, कोणी जवळून, कोणी लांबून, कोणी टोपी घालून, आणि लावलेले नावाने. आता ज्याने नाव बदललं त्याचा फोटो शोधणार कसा? बेर्तियोंने यावर दोन गोष्टी केल्या. शरीराची अकरा मापं घ्यायची, उंची, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट वगैरे, आणि कार्डं त्या मापांनुसार कप्प्यांत लावायची. आणि फोटो सगळ्यांचा एकाच पद्धतीने काढायचा, एक समोरून, एक उजव्या बाजूने. १८८८ मध्ये तिथल्या पोलिसांचा फोटो विभाग त्याच्या हातात आला आणि मग त्याने कॅमेरा, खुर्ची, अंतर, उजेड सगळं ठरवूनच टाकलं.

म्हणजे या फोटोतला पोलिसीपणा माणसाच्या चेहऱ्यावर नसतोच, तो खुर्चीत आणि अंतरात असतो. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं करा.

खुर्ची आणि अंतर

प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, माणूस तिच्यात मागे रेलून पसरतो. बेर्तियोंची खुर्ची मुद्दाम अशी होती की नीट एकाच जागी बसल्याशिवाय बसताच येऊ नये. घरात सरळ पाठीची लाकडी खुर्ची असली तर उत्तम, नसली तर स्टूल भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि बसणाऱ्याला सांगा की ढुंगण पार मागपर्यंत टेकव. स्टुलाच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा करा. या खुणा पुसू द्यायच्या नाहीत, सगळा खेळ त्यांचाच आहे.

कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अंदाजे दोन मीटर लांब. मोबाईल असेल तर साध्या लेन्सने जवळ जाऊन काढू नका, दोन किंवा तीन पट झूमची लेन्स असते ती लावा आणि दोन मीटरवरच थांबा. जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात, सेल्फीत आपण सगळे थोडे उंदरासारखे दिसतो ते त्यामुळेच. झूम लावल्याने चेहरा बदलत नाही, अंतर बदललं की बदलतो, हे पोरांना पटता पटत नाही, एकदा दोन्ही काढून शेजारी शेजारी दाखवा मग पटतं. ट्रायपॉड नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत लावून मोबाईल टेकवला तरी चालतो, पण एकदा ठेवला की हलवायचा नाही, दहा पोरांचे फोटो काढायचे असतील तरी दहाही तिथूनच.

आता माप. बेर्तियोंचा चेहरा फोटोत खऱ्याच्या एक सप्तमांश असायचा, म्हणजे खरे २८ सेंटीमीटर कागदावर ४ सेंटीमीटर. हे घरी आणायला सोपी युक्ती आहे. पुठ्ठ्याची २८ सेंटीमीटरची पट्टी कापा, माणूस बसला की ती उभी धरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेत, चेहऱ्याच्या शेजारी धरा आणि एक फोटो काढा. मग पट्टी काढून खरा फोटो काढा. कॉम्प्युटरवर पट्टीवाला फोटो असा लहान करा की प्रिंटमध्ये पट्टी बरोबर ४ सेंटीमीटर येईल, आणि तेवढाच लहान बाकी सगळ्यांना करा. हनुवटीपासून टाळूपर्यंतचा चेहरा मग सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास येतो. दुकानात मी रोज हेच माप पाहतो, पासपोर्टच्या ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोत चेहरा जवळपास एवढाच असतो. कान दिसू द्या, चष्मा काढा, हसू नका, मागे पांढरं पाहिजे, हे जे आम्ही गिऱ्हाइकाला दिवसभर सांगून राहिलो ते सगळं पोलिसांच्या फोटोचंच खानदान आहे, फक्त आता पैसे देऊन काढतात.

बाजूचा फोटो काढताना नव्वद टक्के लोकांची एक गोष्ट राहून जाते. माणूस स्टुलावर नुसता वळला तर त्याचा चेहरा कॅमेऱ्यापासून आधीएवढ्याच अंतरावर राहत नाही. समोरून काढताना डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याची रेषा धरली होती, बाजूने काढताना नाकाच्या मधोमधची रेषा त्याच अंतरावर यायला पाहिजे. म्हणून स्टुलाची दुसरी जागा वेगळी आखा, वेगळ्या रंगाच्या खडूने, आणि २८ ची पट्टी परत धरून तपासा. पट्टी दोन्हीत सारखी आली तर जोडी जमली. उजवीच बाजू घ्या, आणि कान पूर्ण उघडा ठेवा. बेर्तियोंच्या मते माणूस ओळखायला कानासारखी जागा नाही, केस वाढवाल, दाढी ठेवाल, जाड व्हाल, कानाच्या पाळीच्या घड्या तशाच राहतात. लांब केस असतील तर मागे बांधा, टोपी नाही, फेटा नाही. नजर समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक टिकली चिकटवून तिच्यावर.

उजेड आणि पडदा

फ्लॅश बंद. उत्तरेची खिडकी असेल तर तिच्याच शेजारी बसवा, नागपूरच्या उन्हात दुसऱ्या खिडकीतून येणारा उजेड अर्धा चेहरा जाळून टाकतो. एप्रिल-मेमध्ये करत असाल तर सकाळी आठच्या आधी उरकून घ्या, नाहीतर माणूस घामेजून चमकायला लागतो आणि कपाळावर पांढरे डाग येतात. पावसाळ्यातला ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. पडद्याला गांधीबागेतून राखाडी सुती कापड आणा, चमकणारं सॅटिन नको. रेघा वगैरे काही काढू नका त्याच्यावर. कपडे ज्याचे त्याला, पट्ट्यापट्ट्यांचे नाहीत, कारण हे फोटो अटकेनंतर लगेच निघायचे आणि माणूस घरून जसा उचलला तसाच बसायचा, कोट-टाय लावून सुद्धा.

खरे पाहायचे असतील तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वेबसाइटवर बेर्तियोंने काढलेले अराजकवाद्यांचे, म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्यांचे, फोटो फुकटात पाहायला मिळतात. १८९० नंतरच्या चार-पाच वर्षांत पॅरिसमध्ये बॉम्ब फुटत होते आणि पोलिसांनी दिसेल तो अराजकवादी पकडून खुर्चीवर बसवला, चांभार, शिंपी, छापखान्यातले कामगार, काही बायका पण. हातात पाटी नाही कोणाच्या. नाव खाली कार्डावर हाताने लिहिलंय. पोरांना हे फोटो आधी दाखवाच, अर्धं काम तिथंच होतं.

त्यात एक फेलिक्स फेनेओं आहे, टोकदार दाढीवाला, कला-समीक्षक, आणि नोकरी कुठं तर युद्ध मंत्रालयात कारकून. १८९४ मध्ये त्याच्या ऑफिसात डिटोनेटर सापडले, तीस जणांचा एकत्र खटला चालला, तो सुटला. फोटो मात्र सुटला नाही, आजही म्युझियममध्ये आहे. त्याचा चेहरा पाहा, एक रेघ हललेली नाही. तुमच्या देखाव्यातल्या पोराला वटारलेले डोळे पाहिजेन असतील तर त्याला हा दाखवा आणि म्हणा असा बस. राग दाखवायचा नाही, काहीच दाखवायचं नाही, कॅमेऱ्याला आपण काही देणं लागत नाही असं बसायचं. हे रागापेक्षा कितीतरी अवघड आहे, दहा फोटो फुकट जातात, जाऊ द्या.

दुसरा रावाशोल. १८९२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये दोन न्यायाधिकाऱ्यांच्या घरांवर बॉम्ब टाकून हा नाव बदलून फिरत होता, पकडला गेल्यावर बेर्तियोंने मापं घेतली आणि ती फ्रान्समधल्याच सेंत-एतियेन गावात आधी घेतलेल्या कोएनिगश्टाइन नावाच्या माणसाच्या कार्डाशी जुळली. जुलैमध्ये गिलोटिनवर गेला. या एका केसने बेर्तियों सगळ्या युरोपात गाजला, आणि अराजकवाद्यांचे अल्बम तयार झाले, नावाने नाही तर नाक-कानाच्या आकारावरून लावलेले, म्हणजे सरहद्दीवरच्या शिपायाला समोरच्या माणसाचं नाक पाहून पान उघडता यावं. (हाच बेर्तियों १८९४ मध्ये ड्रेफस नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून उभा राहिला आणि जे त्या बिचाऱ्याने लिहिलंच नव्हतं ते त्याचंच आहे म्हणून सांगून आला. मोजपट्टीचा माणूस मोजपट्टीच्या बाहेर गेला की असं होतं.)

रंग काढायचे कसे

हे कोणी करत नाही आणि म्हणून सगळे फोटो खोटे वाटतात. मोबाईलचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून 'जुना इफेक्ट' टाकला की काम झालं असं वाटतं, नाही झालं. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून त्या फोटोंत ओठ गडद, चेहऱ्यावरचे डाग आणि वांग ठळक, आणि निळे डोळे भुतासारखे पांढरे. हे आणायचं तर फोटो एडिटरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल आणि पिवळ्याची पट्टी पूर्ण खाली ओढा आणि निळी वर न्या, किंवा जिथं चॅनल वेगळे करता येतात तिथं फक्त निळा चॅनल ठेवा. आपल्या कातडीवर हे केलं की चेहरा एकदम काळवंडतो, म्हणून शूट करतानाच उजेड नेहमीपेक्षा थोडा जास्त घ्या. कुंकू लावलेलं असेल तर ते काळंभोर होतं. एका मंडळाला आईच्या भूमिकेतल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू असं काळं झालेलं पाहून अपशकुन वाटला, मग मी तेवढ्या जागेला हात लावून फिकं केलं, पण बेर्तियों असता तर करू दिलं नसतं, त्याच्याकडे रिटचिंग बंद होतं. मुरूम, व्रण, देवीचे डाग, तेच तर त्याला पाहिजे होते.

शेवटी थोडा तपकिरी टोन द्या, थोडाच. कोपरे जाळू नका, ओरखडे टाकू नका. पोलिसांनी हे फोटो जपून ठेवले होते बाप्पा, चिवड्याच्या पुडीला बांधले नव्हते.

खऱ्या फोटोंशेजारी लावताना

आता देखाव्यात तुमच्या पोरांचे फोटो आणि खऱ्या क्रांतिकारकांचे फोटो शेजारी लागणार, तर तिथं गडबड होते. प्रत्येक जुना फोटो जेलमधला नसतो. लावायच्या आधी तीन गोष्टी पाहा, माणूस स्वतःहून बसलाय का, कॅमेऱ्याची जागा कोणी ठरवली, आणि फोटो कोणासाठी निघाला.

भगतसिंगांचे मोजून चारच फोटो माहीत आहेत, लहानपणचा, लाहोरच्या नॅशनल कॉलेजच्या ग्रुपमधला, आणि दोन असे की ते शेजारी लावले तर सगळा विषय भिंतीवर दिसतो. १९२७ चा लाहोरच्या पोलीस ठाण्यातला, खाटेवर बसलेत, केस वर बांधलेले, समोर पोलीस अधिकारी. आणि एप्रिल १९२९ चा हॅटवाला, तो दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेला, असेंब्लीत बॉम्ब टाकायच्या थोडेच दिवस आधी, पकडले जाणार हे माहीत असताना. बटुकेश्वर दत्तांचा पण तिथंच काढला. म्हणजे पोलिसांनी काढायच्या आधी आपला फोटो आपण काढून ठेवला, आपल्याला पाहिजे तसा, आणि आज सीताबर्डीत, महालात, कुठल्याही पोस्टरवर पाहा, जिंकला तोच. ठाण्यातला फोटो अर्ध्या लोकांनी पाहिलेला पण नसतो. या दोघांच्या खाली 'कोणी काढला' एवढी एकच ओळ लिहा, बाकी भाषण नको. आणि भगवा किंवा पिवळा फेटा घातलेले भगतसिंग हे चित्रकाराचं काम आहे, तसा फोटो नाही, त्याला फोटो म्हणून लावू नका. चंद्रशेखर आझादांचा मिशीला पीळ देतानाचा फोटो पण पोलिसी नाही, तो झाशीत ओळखीच्या माणसाने घरगुती काढलेला आहे. भूमिगत माणूस फोटो टाळतो, म्हणून एक-दोनच मिळतात आणि तेच सगळीकडे फिरतात.

फोटो काढून घेणं महागात पडल्याचं उदाहरण पाहिजे असेल तर १८७१ चं पॅरिस कम्यून लावा, म्हणजे बंड करून लोकांनी पॅरिसमध्ये थोडे दिवस चालवलेलं स्वतःचं सरकार. लोक बॅरिकेडवर चढून, पाडलेल्या व्हाँदोम स्तंभाशेजारी (नेपोलियनचा विजयस्तंभ) ऐटीत उभे राहून फोटो काढून घेत होते, कम्यून पडल्यावर तेच फोटो पोलिसांनी माणसं ओळखायला वापरले. आणि युजेन आपेर नावाच्या फोटोग्राफरने त्याच्या पुढचं केलं, नट उभे करून कम्यूनच्या 'गुन्ह्यांचे' प्रसंग काढले आणि त्यांच्या धडांवर खऱ्या माणसांची डोकी चिकटवली. फोटोशॉप नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही. व्हॉट्सअॅपवर ऑगस्टमध्ये जे 'दुर्मिळ फोटो' येऊन राहिले ते लावायच्या आधी याची आठवण ठेवा, मान आणि कॉलर यांच्यावरचा उजेड एकाच बाजूने आहे का तेवढं तरी पाहा.

बायकांचा भाग पाहिजे असेल, आणि पाहिजेच, तर इंग्लंडमधल्या मतदानाचा हक्क मागणाऱ्या सफ्राजेट लावा. त्या फोटोला बसतच नव्हत्या, तोंड वाकडं करायच्या, डोळे मिटायच्या. म्हणून १९१३ मध्ये स्कॉटलंड यार्डने लांबून फोटो काढायची ११ इंची लेन्स घेतली आणि हॉलोवे जेलच्या अंगणात फिरताना लपून फोटो काढले. इव्हलिन मॅनेस्टाला फोटोसाठी उभं करताना मागून एका माणसाने मानेभोवती हात घालून धरलं होतं, आणि पोलिसांनी वाटलेल्या फोटोत तो हात पुसून त्या जागी गळ्यातला कपडा रंगवला. दोन्ही फोटो उपलब्ध आहेत. जागा कमी असेल तर बाकी सगळं काढा पण ही जोडी ठेवा, लोक तिच्यासमोर थांबतात.

आपल्याकडचं काही स्थानिक पाहिजे तर १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आहे, पण त्याचे 'जेलमधले फोटो' म्हणून काहीही डाऊनलोड करून चिकटवू नका, विदर्भ अभिलेखागारात अर्ज देऊन कागद पाहा, नाहीतर सरळ रिकामी चौकट लावा आणि खाली नाव लिहा. आणि कायद्याची एक पाटी करा, ती उपयोगाची आहे. १९२० च्या कैदी ओळख कायद्यात असं होतं की आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना किंवा निर्दोष सुटला तर कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर त्याचे फोटो, निगेटिव्हसकट, नष्ट करायचे किंवा त्यालाच देऊन टाकायचे. २०२२ च्या नव्या कायद्यात डोळ्यांच्या बुबुळांपर्यंत सगळं घेता येतं आणि नोंद ७५ वर्षं ठेवता येते, सुटलेल्याची काढून टाकायची तरतूद त्यातही आहे. फेनेओंच्या फोटोशेजारी ही पाटी लावली तर वाचणारे वाचतात.

छपाई मॅट कागदावर करा, ग्लॉसी नको. दोन फोटो शेजारी, समोरचा आणि बाजूचा, जाड खाकी पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवा, खाली शाईच्या पेनाने नाव आणि तारीख, हातानेच, कॉम्प्युटरचा फॉन्ट लगेच कळतो. आणि कार्डाच्या पुढच्याच बाजूला, बारीक पण वाचता येईल असं, 'देखाव्यासाठी काढलेला नमुना' लिहा, मागे लिहून उपयोग नाही कारण लोक पुढचाच फोटो काढतात आणि दोन दिवसांत तुमच्या गल्लीतला पोरगा कुठल्यातरी ग्रुपवर 'अज्ञात हुतात्मा' होऊन फिरायला लागतो. झालंय असं. भिंतीला लावताना दुहेरी टेप वापरू नका, मांडवातल्या दमट हवेत रात्रीतून सुटतो, दोऱ्यावर लाकडी चिमट्यांनी टांगा.